मोटारीची किंमत आणि कागदांची किंमत

उमेळ्यात आमच्या शेजारी राहणारे एक प्राथमिक शिक्षक गेल्या महिन्यात मोटारविक्रेत्याने दिलेला हिशेबाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी ते पहिली मोटार घेत होते, तीही कर्ज काढून. कारण वृद्ध आईला नायगाव स्थानकापर्यंतची पायपीट आता झेपत नाही. जाहिरातीत मोटारीची किंमत सात लाख होती. कागदाच्या तळाशी असलेली बेरीज मात्र त्याहून लाखाने अधिक. ‘तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, एवढे उलगडून सांगा,’ असे ते म्हणाले.

या वाढीव रकमेतील मोठा भाग रास्त होता. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर राज्य शासन अकरा टक्के एकरकमी कर घेते. म्हणजे ७७ हजार रुपये. नोंदणीचे शुल्क ६०० रुपये, कर्जाची नोंद करण्याचे १,५०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच सक्तीचा आहे आणि २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो विक्रेत्यामार्फतच घेतला पाहिजे, असे मात्र मुळीच नाही. या सर्वांच्या खाली एक ओळ होती : ‘हॅण्डलिंग व कागदपत्रे, ८,००० रुपये.’

हे पैसे कशाचे? गोदामातून मोटार दुकानात आणणे, ती धुणे-पुसणे, सांभाळणे हा विक्रेत्याच्या धंद्याचाच खर्च होय. किराणा दुकानदार वाशीच्या बाजारातून पोते आणण्याची हमाली गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी दाखवीत नाही. ती भावातच धरलेली असते. राहिली कागदपत्रे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार, विक्रेत्याच्याच राज्यात नोंदवावयाच्या नव्या वाहनाचा नोंदणी अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा आहे. जे काम कायद्याने विक्रेत्याच्या माथी घातले, त्याची वेगळी मजुरी ग्राहकाने का द्यावी?

नफा तुटपुंजा असतो आणि परिवहन कार्यालयाच्या कामासाठी माणूस ठेवावा लागतो, असे विक्रेते सांगतात. ते खरे मानले तरी हा खर्च जाहिरातीतील किमतीतच उघडपणे धरावा. स्पर्धा जाहीर किमतींमध्ये होते. मागाहून जोडलेली रक्कम त्या स्पर्धेतून निसटते. ती ग्राहकाच्या दृष्टीस पडते तेव्हा आगाऊ रक्कम भरलेली असते, दसऱ्याचा मुहूर्त ठरलेला असतो आणि घरी पेढे सांगितलेले असतात. भाजीच्या जुडीमागे दोन रुपयांची घासाघीस करणारा गृहस्थ सात लाखांपुढे आठ हजारांना क्षुल्लक समजतो. एकट्याचे नुकसान भांडण्याइतके मोठे नसते. शेकडो ग्राहकांची बेरीज मात्र विक्रेत्याच्या पदरी पडते.

शिवाय ही रक्कम कर्जात मिसळली की तिच्यावर व्याजही चढते. नऊ टक्के दराने सात वर्षांत या आठ हजारांपोटी सुमारे १०,८०० रुपये फेडावे लागतात.

यावर उपाय अवघड नाही. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक बाबीचा लेखी तपशील मागावा. कर आणि शुल्क यांच्या सरकारी पावत्या घेऊन आकडे ताडून पाहावेत. विम्याचा दर अन्यत्रही विचारावा. उरलेल्या रकमेचे कारण लेखी मागावे आणि ते न मिळाल्यास परिवहन कार्यालयाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी. ग्राहकाने एकट्याने न लढता संघटित व्हावे, हा विचार मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून मांडीत आली आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० पासून अमलात आहे. परंतु तक्रारच झाली नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांनी त्या आठ हजारांचे लेखी कारण मागितले. कारण मिळाले नाही. रक्कम मात्र पाच हजारांनी कमी झाली. त्याच दिवशी त्याच दुकानात इतरांनीही मोटारी घेतल्या असतील. ज्यांनी विचारले नाही, त्यांनी पूर्ण आठ हजार भरले असतील. न विचारणाऱ्यांमध्ये आपली गणना होऊ द्यावयाची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.