प्रस्थानाची रात्र

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून श्रीतुकोबारायांच्या आणि अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्या सोहळ्याची वर्णने आपण दरवर्षी वाचतो. परंतु त्याआधी वारकऱ्याच्या घरात एक रात्र येते, तिची नोंद सहसा कोणी करीत नाही.

पडशी भरून झालेली असते. धोतरजोडी, टाळ, बुक्क्याची पुडी, गोपीचंदन, दोन दिवस पुरतील एवढे धपाटे आणि कोरडी चटणी. मृगाचा पाऊस झालेला असतो, रानाला वाफसा आलेला असतो. आणि नेमका याच वेळी घरचा कर्ता माणूस तीन आठवड्यांसाठी घर सोडणार असतो. पंढरीची ओढ खरी, तशीच गोठ्यातून हंबरणाऱ्या गाईची हाकही खरी. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघणाऱ्या माउलीलाही लेकरांची झोपलेली तोंडे पाहून क्षणभर उंबरठा जड होतोच.

मनाची ही ओढाताण म्हणजे भक्तीतील उणेपणा काय? आपल्या पूर्वजांना तसे वाटले नसावे. प्रवासाचा मुहूर्त साधावा, पण पाऊल लगेच निघत नसेल, तर वस्त्रात सुपारी व अक्षता बांधून ते गाठोडे शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. याला 'प्रस्थान ठेवणे' म्हणत. यात्रा सुरू झाली, तरी माणूस त्या रात्री आपल्याच घरी निजे.

आमच्या घरी पिढीजात वारी होती. एका वर्षी आजी अंथरुणाला खिळलेली. वडिलांनी गाठोडे शेजारी नेऊन ठेवले खरे, पण ते रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिले. पहाटे म्हणाले, "आई, यंदा राहू दे. पुढल्या वर्षी जाईन." आजी म्हणाली, "गाठोडं बाहेर पडलंय, आता मागं कसं घेणार? तू जा. विठोबाला सांग, म्हातारीला चालवत नाही, म्हणून मला धाडलंय." वडील निघाले. गावच्या वेशीपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिले नाही. वेशीवर मात्र बराच वेळ उभे राहिले.

त्या वर्षी ते परतले, तेव्हा आजीने प्रसादाचे चुरमुरे स्वतःच्या हाताने घेतले. पुढल्या ज्येष्ठात ती नव्हती. वडील सांगत, आजारी आईला सोडून निघणे कठीण होते. पण रिकाम्या खाटेवरून नजर काढून निघणे त्याहून कठीण गेले.

आता पालखीचाच क्रम पाहा. अष्टमीस सायंकाळी मंदिरातून निघालेली माउलींची पालखी त्या रात्री आळंदीतच, आजोळघरी विसावते. तुकोबारायांची पालखीही पहिली रात्र देहूतच, इनामदारवाड्यात राहते. गाव सुटतो तो दुसऱ्या दिवशी. ज्यांनी जगाला वैराग्य शिकविले, त्यांच्या पादुकांनाही परंपरेने गावात एक रात्र दिली आहे. मग संसारी माणसाच्या पापण्या ओलावल्या, तर त्यात नवल ते कोणते?

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. त्या दोन वर्षी कोणालाच घर सोडावे लागले नाही. तरीही अनेक घरांत त्या रात्री झोप नव्हती. खुंटीवरचा टाळ खुंटीवरच राहिला, आणि निरोपाचे दुःखदेखील किती भाग्याचे असते, हे त्या वर्षी कळले.

म्हणून आज आपल्या घरातून कोणी वारीस निघत असेल, तर त्याच्या घुटमळण्याला हसू नये आणि त्याला अडवूही नये. कपाळी बुक्का लावावा, शिदोरी हाती द्यावी आणि आपला नमस्कार त्याच्याबरोबर धाडावा. निघणारा पायांनी वारी करतो. मागे राहणारा त्याचे घर सांभाळून. विठुरायाच्या दारी दोघांचीही हजेरी लागते.