डब्याविना शोध : गोंदियाच्या तळ्याकाठचे जिओकॅशिंग

जिओकॅशिंग हा उपग्रहांच्या मदतीने लपवलेली वस्तू हुडकून काढण्याचा खेळ असून त्याचे नियम कोणत्याही शाळकरी मुलाला पाच मिनिटांत समजतील इतके थोडे आहेत. एक खेळाडू पाणी न शिरणाऱ्या डब्यात छोटी नोंदवही आणि काही किरकोळ वस्तू घालून तो डबा झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतर खेळाडू मोबाइलवरील आकड्यांच्या आधारे तेथे पोहोचतात, नोंदवहीत नाव व तारीख लिहितात आणि डबा होता तसा पुन्हा ठेवतात. डब्यातील वस्तू घ्यावीशी वाटली तर तिच्याच मोलाची दुसरी वस्तू आत ठेवावी, असा संकेत आहे. युरोप-अमेरिकेत शनिवार-रविवारच्या कौटुंबिक सहलींत आणि स्काउट पथकांच्या शिबिरांत हा खेळ चांगलाच रुळला. भारतात मात्र त्याचा प्रसार अजून मोजकाच आहे. वने, टेकड्या आणि तलाव यांनी भरलेला गोंदिया जिल्हा अशा खेळासाठी आयता दिसतो, परंतु तो येथे जसाच्या तसा उचलून आणणे योग्य ठरणार नाही. या जिल्ह्यात शोध घ्यावा, पण डबा लपवू नये, हेच अधिक शहाणपणाचे आहे, आणि त्यामागे कायद्याची, सुरक्षिततेची व स्थानिक श्रद्धेची ठोस कारणे आहेत.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेची जीपीएस ही स्थाननिश्चितीची यंत्रणा मूळची लष्करी असल्याने नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे आणि त्यामुळे दाखवलेली जागा प्रत्यक्ष जागेपासून शंभर मीटरपर्यंत सरकू शकत असे. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकत असल्याचे जाहीर केले आणि अचूकता एकदम अनेक पटींनी वाढली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर कळवले आणि काही दिवसांतच ती सापडलीही. लपवलेली पेटी शोधण्याची हौस मात्र उपग्रहांहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली आणि तेथवर चालत जाणाऱ्यांनी आपली ओळखपत्रे तीत टाकण्याची प्रथा पाडली.

स्काउट चळवळीत तर हा खेळ वेगळ्या रूपाने पहिल्यापासूनच होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले आणि पुढच्याच वर्षी या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून जमिनीवरील खुणांवरून माग काढणे हा स्काउटांच्या शिक्षणाचा गाभा राहिला आहे. खडे, काटक्या किंवा खडू वापरून काढलेला बाण म्हणजे ‘या वाटेने जा’, फुली म्हणजे ‘ही वाट नव्हे’, वर्तुळात ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. आणि चौकोनात आकडा लिहून त्याला बाण जोडला असेल तर ‘बाणाच्या दिशेने तितक्या पावलांवर पत्र लपवले आहे’ असा त्याचा अर्थ होतो. ही शेवटची खूण म्हणजे उपग्रहाविना केलेले जिओकॅशिंगच होय. भारतात ही चळवळ सुरुवातीला युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती राखीव होती. पुढे ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आदींच्या पुढाकाराने भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना निघाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी विलीनीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था उभी राहिली.

गोंदियाकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. लहान मुलांच्या ‘कब’ शाखेसाठी बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधील लांडग्यांच्या कळपाची कल्पना घेतली आणि आजही कब मुले अकेला, बल्लू, बघीरा ही नावे त्याच कथांतून शिकतात. त्या कथांचे रान सिवनीचे आणि त्यातील नदी वैनगंगा. हीच वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे गोंदियाच्या सीमेवर येते. जगभरातील लाखो मुलांनी पुस्तकात वाचलेल्या नदीच्या खोऱ्यात येथील मुले रोज वावरतात; जिल्ह्यातील किती शाळांमध्ये हे आवर्जून सांगितले जाते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

स्थाननिश्चितीचे तंत्र मुलांना मोबाइल हातात देण्यापूर्वी समजावून द्यावे. मोबाइलमधील ग्राहक किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो, प्रत्येक संकेत किती वेळात पोहोचला यावरून उपग्रहांपासूनचे अंतर काढतो आणि त्या अंतरांच्या मेळातून स्वतःची जागा ठरवतो. यासाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही, कारण ग्राहक फक्त ऐकण्याचे काम करतो. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर सालेकसा तालुक्यातील दरेकसाच्या डोंगराळ भागात रिकाम्या पडद्यावर नुसता एक ठिपका हलताना दिसेल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गोंदियाच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, म्हणून आकडे पाच स्थळांपर्यंत लिहिले की पुरे. मोकळ्या मैदानात साधा मोबाइल पाच मीटरच्या आसपास अचूक असतो, परंतु दाट झाडोऱ्याखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी तो बराच चुकतो. उरलेले अंतर डोळ्यांनी, पावलांनी आणि होकायंत्राने कापायचे असते. मध्य भारतात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहून कमी असल्याने होकायंत्राचे वाचन कोणतीही दुरुस्ती न करता वापरता येते, ही नवशिक्यांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

डबा का लपवू नये, याचे पहिले कारण कायद्याचे आहे. नवेगाव आणि नागझिरा ही नावे मराठी वाचकांना व्यंकटेश माडगूळकर व मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून परिचित आहेत. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेली ही वने डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि परवानगीने आत गेलेल्या पर्यटकालाही वाट सोडून पायी हिंडण्याची, काही ठेवण्याची किंवा चूल पेटवण्याची मुभा नसते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. सालेकसा, देवरी यांसारखे तालुके अनेक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखले गेले, आणि अशा भागात झुडपात दडवलेला बेवारस डबा पाहून गावकऱ्यांनी किंवा पोलिसांनी काय समजावे, याचा विचार लपवणाऱ्यानेच करायचा आहे. इंग्लंडमधील वेदरबी येथे २०११ मध्ये असाच एक डबा संशयास्पद ठरला आणि बॉम्बशोधक पथकाने तो स्फोटाने नष्ट केला. तिसरे कारण श्रद्धेचे. दरेकसाजवळच्या कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. पारी कुपार लिंगो यांनी गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका केली, ही कथा या जागेशी जोडलेली आहे. अशा ठिकाणी चिनी खेळणी भरलेला प्लास्टिकचा डबा ठेवणे हा सरळ असभ्यपणा होय.

यावरचा उपाय खेळातच तयार आहे. २००४ पासून रूढ झालेल्या ‘अर्थकॅश’ या प्रकारात डबा नसतोच. दिलेल्या जागी पोहोचून तेथील खडक, जमीन किंवा पाणी यांचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची, एवढीच अट असते. गोंदियात अशा प्रश्नांना तोटा नाही. आमगाव तालुक्याच्या नावाने भूशास्त्रात ओळखले जाणारे ‘आमगाव नाइस’ हे पट्टेदार रूपांतरित खडक दोनशे कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत, तर पश्चिम महाराष्ट्रातील गडकिल्ल्यांचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. सह्याद्रीतील भटकंतीची वर्णने वाचून आपल्याकडे चढण्याजोगे काही नाही असे मानणाऱ्या पूर्व विदर्भातील मुलांना हा फरक अवश्य सांगावा.

तथापि, या जिल्ह्याची खरी दौलत तलावांत आहे. कोहळी समाजाने गावोगाव बांधलेले आणि पुढे मालगुजारी व्यवस्थेमुळे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागलेले जलाशय आजही धानशेतीला पाणी देतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नवेगावबांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. भोवतालच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि कोलू पाटील स्वतः ‘कोलासूर’ या देवरूपाने तेथे पूजले जातात. नवेगावबांध संरक्षित क्षेत्राशी निगडित असल्याने तो नियमांनुसार पाहावा, आणि शोधाचा खेळ मात्र गावच्या साध्या तलावावर मांडावा. त्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, किती पावले लांब आहे? पाणी शेतात सोडणारे तुडूम कोठे आहे आणि ते कोणत्या दिशेला उघडते? जादा पाणी बाहेर पडण्याची वाट कोणती? पाळीवरच्या सर्वांत उंच झाडाची उंची स्काउटच्या काठीच्या मापाने किती भरते? प्रत्येक प्रश्नासोबत अक्षांश-रेखांश द्यावेत, पुढील जागेचे शेवटचे दोन आकडे मागील उत्तरातून मिळतील अशी साखळी रचावी, आणि मोबाइल गटातील एकाच मुलाकडे ठेवून बाकीच्यांना नकाशा, होकायंत्र व मोजणी यांवर बसवावे. अंदाज, दिशाज्ञान आणि नकाशावाचन हे स्काउट-गाईड अभ्यासक्रमाचे विषय वर्गात फळ्यावर जितके रुक्ष वाटतात तितके ते पाळीवर वाटत नाहीत. कोहळ्यांनी आधुनिक उपकरणांविना जमिनीचा उतार कसा ओळखला असेल, हा प्रश्न मुलांना तेथे आपोआप पडतो, आणि तो कोणत्याही लपवलेल्या डब्याहून मोलाचा आहे.

मुक्कामासाठी रानापेक्षा गावच्या शाळेचे पटांगण उत्तम, कारण तेथे पाणी, स्वच्छतागृह आणि हाकेच्या अंतरावर माणसे असतात. गोंदिया मुंबईच्या पुष्कळ पूर्वेला असल्याने घड्याळाप्रमाणे येथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो; हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने सर्व गट पाच वाजेपर्यंत तळावर परतले पाहिजेत. मण्यार हा विषारी साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपणे टाळावे आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी वापरावी. या पट्ट्यात हिवतापाचाही उपद्रव असल्याने मच्छरदाणी दुहेरी उपयोगाची ठरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की अस्वले पहाटेच मोहाखाली येतात, गावकरीही त्याच वेळी फुले वेचायला निघतात, आणि १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो; त्या काळात रानालगत तंबू ठोकणे आणि शेकोटी पेटवणे दोन्ही वर्ज्य समजावे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत सारस क्रौंच घरटी करतात. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ केवळ गोंदिया परिसरातच उरला असल्याने त्या दिवसांत बांधांवरून मुलांचे जथे नेऊ नयेत. या सर्व अडचणी वजा केल्या तर धानकापणी उरकल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उरतो, आणि त्याच काळात तलावांवर परदेशी बदके उतरलेली असतात.

कुटुंबाने स्वतंत्रपणे जावे की पथकाबरोबर, याचे उत्तर मुलांच्या वयावर अवलंबून आहे, पण आठ-दहा वर्षांची मुले असलेल्या दोन-तीन कुटुंबांनी एखाद्या शाळेच्या स्काउट पथकाला जोडून घेणे सर्वांत सोयीचे. पथकाकडे दोर, तंबू आणि प्रशिक्षित शिक्षक असतात, पालकांकडे वाहन आणि वेळ. परवानगीच्या बाबतीत मात्र दोघांनीही हयगय करू नये. अनेक तलावांतील मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते आणि जाळी लावलेल्या पाण्यात मुलांनी दगड टाकले तर तक्रार होणे रास्तच आहे. वनहक्क कायद्यान्वये काही गावांच्या ग्रामसभांना आसपासच्या वनांवर सामूहिक हक्क मिळाले असल्याने त्यांचीही संमती लागते. तेव्हा ज्या पथकाला येत्या हिवाळ्यात असा शोध मांडायचा असेल त्याने तारीख ठरताच ग्रामपंचायत, मत्स्य संस्था, वनरक्षक आणि पोलिस पाटील यांना लेखी कळवावे, आणि मुलांनी केलेल्या मोजणीची व रेखाटलेल्या नकाशाची एक प्रत त्या गावच्या शाळेला द्यावी.