महालची हवा आणि पस्तीस हजार ठिपके

नागपूरच्या हवेवर सतत नजर ठेवणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक केंद्र महालात आहे. सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओसमोर, रामनगरात आणि अंबाझरीलाही अशी केंद्रं आहेत. वारा सुटला की गांधी गेटच्या आतल्या अरुंद गल्ल्यांतली हवा अंबाझरी तलावाकाठच्या हवेइतकीच निवळते का? महालात राहणाऱ्यांच्या फुप्फुसांशी थेट संबंध असलेला हा प्रश्न आहे. या केंद्रांचे आकडे सर्वांसाठी खुले आहेत, पण उत्तर मिळायचं तर चारही ठिकाणचे आलेख एकत्र आणावे लागतात आणि खरी मेख तिथेच आहे.

आलेख साधाच, ठिपक्यांचा, म्हणजे स्कॅटर प्लॉट. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग, उभ्या अक्षावर पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं प्रमाण. तासाला एक ठिपका. यंत्राने खाडा केला नाही तर एका केंद्राचे वर्षाला 8,760 ठिपके होतात. चार आलेख नुसते शेजारी मांडून भागत नाही, कारण सॉफ्टवेअर प्रत्येकाची मोजपट्टी त्याच्या त्याच्या आकड्यांवरून ठरवतं. एकाचा उभा अक्ष 120 ला संपतो, दुसऱ्याचा 300 ला, आणि ठिपक्यांचे ढग मात्र सारखेच दिसतात.

ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 च्या दशकात घडवलेलं 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर अशा कामाला सर्रास वापरतात. त्यात पहिला आलेख 'प्लॉट' या आज्ञेने काढायचा आणि पुढचे ठिपके 'पॉइंट्स' म्हणून त्यावर चढवायचे, ही जुनी रीत. पण अक्षांच्या मर्यादा पहिल्या आलेखानेच ठरून जातात. समजा आधी अंबाझरी काढलं आणि तिथला सगळ्यात मोठा आकडा 120 निघाला. मग महालचे दीडशे-दोनशेचे ठिपके चौकटीबाहेर पडतात, आणि सॉफ्टवेअर त्याची साधी सूचनाही देत नाही. सगळ्यात घातक तास तेवढे गायब! म्हणून चारही केंद्रांचे किमान-कमाल आकडे आधी काढून मर्यादा आपणच द्यायच्या.

त्याहून भरवशाची रीत म्हणजे चारही तक्ते एकाखाली एक जोडून 'केंद्र' नावाचा एक रकाना वाढवणं. 'जीजीप्लॉट2' हे पॅकेज त्या रकान्यावरून रंग देतं, किंवा एकाच मापाच्या चार चौकटी पाडतं. हा रकाना विसरून चालणार नाही. समजा, प्रत्येक केंद्रावर वाऱ्याबरोबर धूळ घटते, पण जिथे वारा जास्त तिथेच धुळीचं मूळ प्रमाणही जास्त आहे. केंद्राची ओळख पुसून सगळे ठिपके एकत्र टाकले, तर वाऱ्याने धूळ वाढते असा उलटाच निष्कर्ष निघू शकतो. एडवर्ड सिम्पसन यांनी 1951 मध्ये मांडलेला विरोधाभास याच जातीचा.

चार केंद्रांचे मिळून 35,040 ठिपके एका चौकटीत भरले की नुसता रंगाचा लगदा होतो. अशा वेळी चार चौकटीच बऱ्या: प्रत्येकीत सगळ्या शहराचे ठिपके फिक्या राखाडीत आणि त्या केंद्राचे वर गडद रंगात. मग महाल शहराच्या मानाने कुठे आहे ते एका नजरेत कळतं. 60 मायक्रोग्रॅमची रेघ मात्र या आलेखावर ओढू नये. देशाचं ते मानक 24 तासांच्या सरासरीचं आहे, एकेका तासाचं नाही. ती हवीच असेल तर आधी दोन्ही अक्षांसाठी रोजची सरासरी काढावी. मग केंद्रागणिक 365 च ठिपके उरतात आणि दाटीही पुष्कळ कमी होते.