टायरमधले औषध आणि थरथरते स्टिअरिंग

उज्जैनच्या माधवनगरातून, म्हणजे फ्रीगंजातून, इंदूर जेमतेम ५५ किलोमीटर. शहराची गर्दी मागे पडली की काटा ८०-९०वर चढतो आणि टायरमध्ये सीलंट भरलेल्या गाडीची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

सीलंट म्हणजे बहुधा ग्लायकॉलमध्ये कालवलेले तंतू आणि रबराचा चुरा. खिळा घुसला की निसटणाऱ्या हवेबरोबर हे मिश्रण भोकाकडे ओढले जाते आणि तिथेच अडकते. साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक असे बुजते. टायरची बाजू फाटली तर मात्र त्याचा काही उपयोग नाही. ॲक्टिवाच्या ‘टफ-अप’ ट्यूबमध्ये हीच युक्ती होती, आणि स्कूटरच्या वेगाला ती शोभतेही.

कारचे गणित वेगळे. ताशी १०० किलोमीटरला तिचे चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. टायरच्या आत एकाच जागी साचलेला ५० ग्रॅम द्रव तेव्हा चाकाला जवळपास १३ किलोच्या जोराने ओढतो, तेही प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. टायरवाला रिमला ५-५ ग्रॅमचे तुकडे चिकटवत बसतो, तो काही हौसेने नव्हे.

‘हे औषध चाक आपोआप बॅलन्स करते,’ असे विकणारे छातीठोकपणे सांगतात. ते अर्धेच खरे. फिरत्या चाकातला मोकळा द्रव ठरावीक वेगानंतर जड बाजूच्या समोर सरकतो. त्या वेगाखाली तो जड बाजूलाच जाऊन मिळतो. त्यात सीलंट चिकट. गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाशी उतरते आणि सकाळी पहिले काही किलोमीटर चाक थडथडते. लॅटेक्सचे असेल तर वाळून त्याचा गोळा होतो, मग थरथर कायमची.

बॅलन्सिंगचे मशीनही अशा चाकापुढे हात टेकते, प्रत्येक वेळी नवा आकडा दाखवते. म्हणून आत सीलंट आहे हे टायरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर पैसे पाण्यात.

ऑक्टोबर २०२०पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या कारला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे सीलंटची बाटली पुष्कळ गाड्यांत आधीच असते.

२०२८च्या उज्जैनच्या सिंहस्थाला नाशिक-धुळ्याकडून गाडी काढणार असाल, तर ती बाटली डिकीतच राहू द्या. वापरावी लागलीच तर ८०च्या आत चालवा आणि पहिल्या चांगल्या दुकानात टायर उतरवून, आतून पुसून, पंक्चर काढून मगच बॅलन्सिंग करा.