फोटोची चौकट ठरते कधी?

1946 साली न्यूयॉर्कमध्ये अर्नोल्ड न्यूमन यांनी संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांचा फोटो काढला. फिल्म 4 बाय 5 इंचांची. निगेटिव्हमध्ये आजूबाजूची बरीच जागा आली होती. न्यूमन यांनी ती छाटली. उरलं पियानोचं उघडं काळं झाकण आणि डाव्या कोपऱ्यात संगीतकार. झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसतो.

अशी छाटणी मोठ्या फिल्मलाच परवडते. 35 मिमीच्या चौकटीपेक्षा तिचं क्षेत्रफळ सुमारे 15 पट असतं. निम्मी कापली, तरी सातपट उरते.

छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांची रीत उलटी. 8 बाय 10 इंचांची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून ते तेवढाच प्रिंट काढत. त्यामुळे चौकट आधीच, कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर ठरवावी लागे. तिथे प्रतिमा उलटी दिसते: डोकं खाली, डावं उजवीकडे. पण याचा फायदाही होतो. वस्तूची ओळख मागे पडते. आकार आणि त्यांचा तोल आधी डोळ्यांत भरतो.

मोबाइलवरचा एखादा फोटो उलटा धरून पाहा. नको असलेला कोपरा लगेच खटकेल.