दोन डॉक्टर, दोन सल्ले



लग्नाला चार वर्षे झाली, पाळणा हलला नाही, म्हणून जोडपे सांगलीच्या डॉक्टरांना दाखवते. ते म्हणतात, "सहा महिने गोळ्या घ्या." पाहुण्यांच्या सांगण्यावरून मग कोल्हापूर गाठले, तर तिथले म्हणतात, "थांबू नका, टेस्ट ट्यूब करा." घरची म्हातारी माणसे म्हणतात, "दोघांतला एक फसवतोय बघा." आमचे म्हणणे, तसेच असेल असे नाही.

आपल्याच शिवारात बघा. एकाच रानाला एक जाणकार आडसाली लागण सांगतो, दुसरा पूर्वहंगामी. पाणी किती, निचरा कसा, पैसा किती, यावर सल्ला फिरतो. इथेही तसेच. बाई पंचविशीची असेल तर थांबायला सवड असते. पस्तिशीनंतर स्त्रीबीजे झपाट्याने घटतात, तिथे सहा महिनेही मोलाचे. दोन्ही गर्भनलिका बंद असतील तर गोळ्यांचा उपयोग नाही. दोष नवऱ्याच्या शुक्रजंतूंत असेल तर वाट वेगळी. आणि काही जोडप्यांत सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडतच नाही. मते फुटतात ती इथेच. एक डॉक्टर पैसा वाचवायला बघतो, दुसरा वेळ. खात्रीचा उपाय दोघांकडेही नसतो.

मतभेद या शास्त्राला जन्मापासूनच आहेत. १९७८ साली कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मल्याचे सांगितले. सरकारी समितीने ते मानले नाही. १९८१ मध्ये ते गेले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी बाळ जन्मले, ते देशातले पहिले ठरले. त्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार यांनीच पुढे कलकत्त्याची टिपणे वाचली आणि १९९७ मध्ये पहिला मान मुखोपाध्यायांचा, असे मोकळेपणी सांगितले.

तेव्हा दोन सल्ले मिळाले तर घाबरू नका, विचारा. आमच्यात कारण काय सापडले? थांबलो तर तोटा काय? आमच्या वयाच्या शंभर बायकांत किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? सगळा मिळून खर्च किती, आणि पहिल्या खेपेला यश नाही आले तर? सगळे कागद एका फायलीत ठेवा. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, ती बघा.

आणि सर्वांत आधी नवऱ्याची तपासणी करा. ती सोपी आणि स्वस्त आहे. ती न करताच सुनेला बोल लावणे, तिला माहेरी धाडणे, दुसऱ्या लग्नाची बोलणी करणे, हे आता बंद व्हायला हवे. उगवण झाली नाही तर आपण बेणेही तपासतो, नुसत्या रानाला दोष देत नाही.