डाव्या हाताची तार

दुचाकी ही चैनीची वस्तू होती तो काळ केव्हाच मागे पडला. पहाटे दूध घालणारा असो, तालुक्याच्या शाळेत जाणारा शिक्षक असो किंवा पीककर्जाच्या पाहणीसाठी शिवारात फिरणारा बँकेचा कृषी अधिकारी असो, त्यांचा दिवस मोटारसायकलच्या किल्लीनेच सुरू होतो. गाडी घेताना घरात मायलेजची, हप्त्याची आणि रंगाचीही चर्चा रंगते. मात्र हँडलच्या डाव्या बाजूचा क्लचचा लिव्हर आणि तेथून इंजिनापर्यंत गेलेली काळी केबल यांच्याकडे ती केबल तुटेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.

वास्तविक या केबलइतके काम गाडीतील फार थोड्या भागांना असते. चार गिअरची गाडी एका सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेईपर्यंत क्लच सहा-सात वेळा दाबला जातो. कार्यालयाच्या वाटेवर दहा सिग्नल असतील, तर केवळ जाण्यायेण्यात ही संख्या सव्वाशेवर जाते. दर वेळी तारेवर ताण येतो, ती सरकते आणि लिव्हरजवळ किंचित वाकते.

ही रचना 'बाउडेन केबल' या नावाने ओळखली जाते. ई. एम. बाउडेन यांना इंग्लंडमध्ये १८९६ साली तिचे पेटंट मिळाले आणि सायकलच्या ब्रेकमधून ती पुढे मोटारसायकलवर आली. बारीक पोलादी तारांना पीळ देऊन केलेली आतली तार आणि तिच्यावर वेटोळ्या पोलादी पट्टीचे, प्लॅस्टिकने मढवलेले आवरण, एवढाच तिचा संसार. लिव्हर आतली तार ओढतो आणि त्याच वेळी आवरण तेवढाच दाब सहन करते. म्हणून ती वळणावळणाच्या मार्गानेही ओढ पोचवू शकते. हे आवरण कोठे चेपले, फाटले किंवा हँडलखाली अडकून तीव्र कोनात वाकले, तर आतली तार कितीही नवी असली तरी क्लच जड होतो. पावसाळ्यात फाटलेल्या आवरणातून पाणी शिरते, आत गंज धरतो आणि दिवाळीपर्यंत डावे मनगट दुखू लागते. अनेक जण तेव्हा दोष वयाला देतात.

केबल अचानक तुटली, असे सर्रास म्हटले जाते. ते क्वचितच खरे असते. आतल्या तारेच्या टोकाला धातूचा एक छोटा गोळा ओतलेला असतो आणि तो लिव्हरच्या खाचेत बसतो. लिव्हर दाबताना हा गोळा खाचेत थोडा फिरला पाहिजे. धूळ आणि वाळलेले ग्रीस यांमुळे तो जागच्या जागी घट्ट झाला, की तार त्याच्या तोंडाशी दर वेळी दुमडते. मग तिचा एक पदर तुटतो, आठवड्याने दुसरा. उरलेल्या पदरांवर भार वाढतो, तार लांबते आणि लिव्हर सैल वाटू लागतो. चालक अॅडजस्टर फिरवून तो सैलपणा काढतो व निश्चिंत होतो. चार दिवसांनी पुन्हा सैल, पुन्हा अॅडजस्टर. नेमका हाच इशारा असतो, आणि अॅडजस्टर फिरवून आपण तोच झाकून टाकतो. केबल तुटण्याची वेळही वाईट असते. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभे असताना ती तुटली, तर गाडी पुढे उसळी घेते. पुढे टाकीवर लहान मूल बसवण्याची सवय असलेल्यांनी ही शक्यता डोळ्यांसमोर आणावी. थांबल्यावर न्यूट्रल करणे याही कारणाने हिताचे आहे.

निगेसाठी लागते ते पाऊण तासाची सवड, दोन पाने, जुने फडके, थोडे इंजिन ऑइल आणि चिमूटभर ग्रीस. इंजिन थंड असावे. लिव्हरजवळचे रबर मागे सारून अॅडजस्टरची लॉक-रिंग सैल करावी आणि अॅडजस्टर पूर्ण आत फिरवावा. अॅडजस्टर, रिंग आणि लिव्हरची बैठक या तिन्हींवर एकेक चीर असते. त्या एका रेषेत आणल्या की आवरण मागे ओढून तार अलगद बाहेर येते. आली नाही, तर इंजिनाजवळचे नट आधी सैल करावेत. पक्कड लावून झोंबाझोंबी करू नये. मोकळ्या तारेवरून फडके फिरवावे, उघडे बोट नव्हे. फडके कोठे अडकले, म्हणजे तेथे पदर तुटला आहे. एक जरी पदर तुटलेला दिसला, तरी तेल घालत बसण्यात अर्थ नाही, केबल बदलावी. साध्या गाडीची केबल काही शे रुपयांत मिळते.

तार शाबूत असेल तर केबलचे वरचे टोक उंच धरून त्याभोवती प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा बांधावा आणि त्यात थेंब थेंब इंजिन ऑइल सोडावे. मधूनमधून तार वरखाली करावी. खालच्या टोकाशी तेल दिसेपर्यंत थांबावे. टायरवर ते ठिबकू नये म्हणून खाली कागद अंथरावा. आवरणात ग्रीस कोंबू नये, ते धूळ धरून घट्ट होते. गंज सोडवणारा स्प्रे तात्पुरता उपयोगी पडतो, पण फार काळ टिकत नाही. ग्रीसची जागा दुसरीकडे आहे: लिव्हरचा बोल्ट काढून त्यावरची काळी राळ पुसावी आणि बोल्टला व गोळ्याच्या खाचेला पातळ थर द्यावा. काही गाड्यांत लिव्हरपाशी छोटा स्विच असतो, त्याची पिन जपावी. बोल्ट आवळल्यावर लिव्हर सोडताच आपोआप परतला पाहिजे. न परतल्यास बोल्ट अधिक आवळला गेला आहे.

जोडणीनंतर प्रश्न उरतो तो मोकळेपणाचा, ज्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. शंभर ते सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी तो १० ते २० मिलिमीटर ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. प्ले मुळीच नसेल तर क्लच प्लेट अर्धवट सुटलेल्या राहून घसरतात, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, पेट्रोल आणि प्लेट दोन्ही जळतात. प्ले फार असेल तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर खडखडतो आणि न्यूट्रल सापडत नाही. मोठा फरक इंजिनाजवळच्या नटांवर काढावा, बारीक वरच्या अॅडजस्टरवर; वरचा स्क्रू फार बाहेर आला तर तो धक्क्याने मोडतो. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले तपासावा. एका बाजूला तो नाहीसा होत असेल, तर केबलचा मार्ग चुकला आहे.

गिअर नसलेल्या स्कूटरना, विजेवरच्या बहुतेक दुचाकींना आणि हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांना हा सारा खटाटोप लागू नाही. इतरांनी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तो करावा. लडाखसारख्या लांबच्या सफरीला निघणारे चालक तर नवी केबल जुनीच्या शेजारून त्याच मार्गाने टाकून तिची टोके टेपने बंद करून ठेवतात. वाटेत जुनी तुटली, की फक्त दोन्ही टोके जोडायची. टाकी उतरवावी लागत नाही. केबल घेताना मात्र गाडीचे मॉडेल आणि वर्ष दुकानदाराला अवश्य सांगावे, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन केबलांच्या लांबीत बोटभराचा फरक असू शकतो.